धवल्यातलं नाव

मंगलाबाईंनी हेतलनं पुढं केलेला चहाचा कप हातानंच बाजूला सारला. हेतलच्या भावाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, मांडवाच्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, अंगणात येऊन पडलेल्या, आणि नवरीची आई चहाला नको म्हणते, म्हणजे घरातल्या कुणाचं तरी चुकलेलं असतं. या वेळी कुणाचं, हे अंगणातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. मनोरहून पाड्यावर येईपर्यंत मंगलाबाईंच्या भावानं, विनोदनं, आपल्या इको गाडीत ते गाणं म्हणे तीनदा लावलं होतं. राग वाटेत थंड होऊ नये म्हणून माणसं काय काय करतात.

गाणं हेतलचं होतं. शब्द तिचे, आवाज तिचा, आणि बँजो, ढोलकी, कीबोर्ड वगैरे सगळा सरंजाम कमलेशकाकाचा. तीन वर्षं ती बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. शिफ्टच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, लेबलांच्या कोऱ्या बाजूवर गाणी लिहायची. रविवारी काकाच्या खोलीवर भिंतींना गाद्या टेकवून ती रेकॉर्ड करायची आणि आपल्या चॅनेलवर टाकायची. पहिली पाच गाणी कुणी ऐकली म्हणावं तर एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणींनी, त्याही हिच्यासमोर. सहावं मात्र असं उठलं की बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षांपासून पालघरजवळच्या माहीमच्या हळदींपर्यंत दुसरं काही वाजेना. अकरा लाख लोकांनी ते पाहिलं. हेतलनं कंपनी सोडली. आणि येत्या रविवारी पालघरच्या एका म्युझिक कंपनीचा मेहुल तिच्याशी करार करणार होता. मोठा स्टेज, सहा नवी गाणी, व्हिडिओसकट. अट एकच, सुरुवात याच गाण्यापासून.

आणि याच गाण्यावर सोयरे रुसून आले होते.

"जिवल्याभाऊ, मी सरळच इचारते," मंगलाबाई म्हणाल्या. "तुमचा पोरगा माझ्या पोरीशी लगीन करतो, का त्या स्नेहाशी?"

हेतलच्या बापानं, जिवल्यानं, आधी मेढींकडे पाहिलं, मग लेकीकडे. "वयनी, ते गाणं हाय. गाण्यातला नीलेश आमचा नाय."

"आमच्या पाड्यावरची पोरं रसिलाला काय बोलतात, ठाव हाय? तुझ्या नवऱ्याचं लगीन झालं, आता तू कशाला जाते? पोरगी दोन दिस जेवली नाय."

"पोरं काय, बोलतातच," कमलेशकाका म्हणाला.

"तुमी थांबा," विनोद त्याच्यावर उसळला. "तुमची तर बँजो पार्टी चालली हाय त्याच्यावर. दर हळदीला तुमी सोताच वाजवता."

हे खरं होतं. काकानं आपला चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

आता यात चूक काय झाली, ते सांगायला हवं. वारल्यांच्या लग्नाला भट नसतो, धवलेरी असते. तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, त्यासमोर बसून ती धवला गाते, एकेक देव बोलावते, आणि नवरा-नवरीची नावं त्यात गोवते, तेव्हा कुठं लग्न लागतं. या घराची धवलेरी म्हणजे जिवल्याची थोरली बहीण, बायडीआते. आसपासच्या पाड्यांवरचे निम्मे संसार तिच्या तोंडून लागलेले. हेतल सात-आठ वर्षांची असल्यापासून आते तिला मोहाखाली फुलं वेचता वेचता ओळ-ओळ शिकवायची. नावाच्या जागी कुणाचं तरी नाव घालावं लागायचं, तर हेतल धाकट्या भावाचं घालायची. नीलेश तेव्हा नाकातून शेंबूड गळत शेजारी बसलेला असायचा, त्याचं त्याला काही नव्हतं.

काकाच्या खोलीवर त्या रविवारी हेतलनं आपल्या गाण्याच्या पोटात धवला घातला. नवऱ्याच्या नावाची ओळ आली आणि तोंडात बसलेलं नाव आपोआप आलं. नवरीचं काय घालायचं म्हणून तिनं डोळे उघडले, तर समोर गादीवर स्नेहा बसलेली. तिची खोलीतली सोबतीण, साताऱ्याकडची, वेफर खात होती. घातलं तिचं. दोघी हसून लोळल्या. नीलेशच्या लग्नाची बोलणी तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पुढं ती ठरली, आणि मग त्या हसण्याची किंमत हेतलला कळायला लागली.

*कोनाचे गो दारी चौक लिखिला,*
*नीलेशचे गो दारी चौक लिखिला,*
*कोनाचे गो नावी चौक लिखिला,*
*स्नेहाचे गो नावी चौक लिखिला.*

"साधं गाणं असतं तर मी आलेच नसते," मंगलाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता आणि म्हणूनच जास्त लागत होता. "गाण्यात कोणीपण कोणाशी लगीन लावतं. पण हा धवला हाय. ही पोरगी सोता मोबाईलमंदी सांगते, मी धवलेरीच्या घरची, आतेकडून शिकले, हा खरा धवला हाय. मंग माझ्या पोरीनं लागलेल्या नवऱ्याच्या दारात यायाचं का?"

सगळे हेतलकडे बघायला लागले. मुलाखत तिनं दिली होती, हे नाकारायची सोय नव्हती. चांगलं मान वर करून सांगितलं होतं.

"ताई गाणं काढणार नाय," नीलेश एकदम म्हणाला. आतापर्यंत तो ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. "तिनं त्याच्यासाठी नोकरी सोडली हाय. मी रसिलाला फोनवर सगळं सांगितलंय. तिला पटलं."

"तिला पटलं तर ती जेवत का नाय?" मंगलाबाईंनी विचारलं.

नीलेशनं पुन्हा खांबाला पाठ टेकली.

"काढ ते," जिवल्या लेकीला म्हणाला. "आता, यांच्यासमोर काढ."

"दादा, रविवार होऊ दे!" काका मधे पडला. "एवढा रविवार. मंग काढू. गाणंच नसलं तर तो मेहुल दारात उभा नाय करणार हिला."

"तुला तुझ्या पार्टीची पडली हाय."

"आणि तुला पोरीची नाय?"

दोघे भाऊ असे भिडले की सोयरे बाजूलाच राहिले. आई चुलीपाशी पाठमोरी बसून नुसतीच लाकडं सारत होती. ती कुणाच्या बाजूची, हे तिनं पंचवीस वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं, आजही देणार नव्हती. हेतलला वाटलं, कुणीतरी आपल्याला एकदा विचारावं. पण विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? रसिला उपाशी राहिली याचं तिला खरंच वाईट वाटत होतं. आणि गाणं काढायचं म्हटलं की कंपनीची शिफ्टची बस डोळ्यांपुढं येत होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि त्यातून वाट काही निघत नव्हती.

वाट विनोदनं काढली. "भांडू नका. धवला का गाणं, ते आमी-तुमी कोण ठरवणार? घरात धवलेरी हाय ना? तिला ऐकवा. ती बोलंल ते आमाला मान्य."

बायडीआतेनं गाणं ऐकलंच नव्हतं. धवला चौकासमोर म्हणायचा, एरवी नाही, असं तिचं सरळ होतं, आणि हेतलनं तो मशिनीत घातला हे कळल्यापासून ती भाचीशी कामापुरतंच बोलत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारणं सोडलं होतं, आज काय लिहिलंस म्हणून.

ती आतून आली, हात पदराला पुसत खाली बसली. काकानं मोबाईल तिच्यापुढं ठेवला. ढोलकी सुरू झाली तशी तिनं कपाळाला आठी घातली. मग मधे ढोलकी थांबते, बँजो थांबतो आणि हेतलचा एकटीचा आवाज येतो, तिथं तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. हेतलनं ते पाहिलं. एक देव, दुसरा देव, धरतीची धरतरी, गाईची गावतरी, मग नावं. हेतलला स्वतःचा आवाज इतका उघडा कधीच वाटला नव्हता. कुठं घाईनं घेतलंय, कुठं श्वास चोरलाय, सगळं आज ऐकू येत होतं.

गाणं संपलं. कोंबडीनं मोबाईलला चोच मारून पाहिली, तिला काकानं हाकललं.

"बोला आते," विनोद म्हणाला. "हा धवला हाय का नाय?"

बायडीआतेनं मोबाईल काकाकडे सरकवला.

"नाय," ती म्हणाली. "हे नाचायचं गाणं हाय. धवला नाय ह्याच्यात."

"देव तर बोलावलेत," मंगलाबाई म्हणाल्या.

"नावं घेतलीत देवांची. बोलावणं येगळं. पोरीला येत नाय ते. अर्ध शिकली न् बोईसरला पळाली."

मंगलाबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. विनोदच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. जिवल्या हसला, काका तर बहिणीच्या पाया पडायचाच बाकी होता. "बघा! मी काय बोलत व्हतो? नाचायचं गाणं!" चहा पुन्हा ठेवला गेला, आणि या वेळी मंगलाबाईंनी साखर जरा जास्त टाकायला सांगितली. लग्न वाचलं, गाणं वाचलं, रविवार वाचला. सगळ्यांचं भलं झालं.

फक्त हेतलच्या कानशिलांत जाळ उठला होता. अर्ध शिकली! चोरीचा आळ तिनं घेतला असता, देवाचा अपमान केला म्हटलं असतं तरी खाली मान घालून ऐकलं असतं. पण येत नाही? सगळ्यांसमोर? ती आतेच्या मागोमाग तरातरा घरात शिरली.

बायडीआते कणगीच्या मागं, अंधाऱ्या कोपऱ्यात पाणी पीत होती.

"कुठं चुकलं ते तरी सांग," हेतल म्हणाली. "गाणं नको म्हणायचं व्हतं, नको म्हण. पण मला येत नाय असं का बोललीस? रातरात बसून पाठ केलंय मी. तू दमायचीस, मी नाय दमायची. एक शब्द इकडचा तिकडं केला असंल तर दाखव."

आतेनं तांब्या विसळून खाली ठेवला. "नाय केलास."

"मग?"

"सगळं बरोबर हाय. मला पोरीपणी इतकं साफ येत नव्हतं." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "धरतरी बोलावलीस ना, तवा माझ्या अंगावर काटा आला. तू बोलावलीस न् ती आली असंल, मशिनीत का असंना."

हेतलचा राग होता तिथंच विरला आणि त्याच्या जागी काय आलं ते तिलाच कळेना. "मग खोटं का बोललीस?"

"तुला रईवारी जायाचं हाय ना?"

बाहेर काका मोठमोठ्यानं हसत होता. आते हळूच खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवून.

"लग्नाला दुसरी धवलेरी बघायला सांग तुझ्या बापाला. मनोरकडं एक हाय, चांगली म्हणते. मी नाय म्हणणार."

"नीलेशच्या लग्नाला तू नाय म्हणणार?"

"कोणाच्याच नाय. आता नाय." हे ती अशा सुरात म्हणाली, जणू शेळी विकल्याचं सांगत होती. "ज्या तोंडानं धवल्याला खोटं पाडलं, त्या तोंडानं देव कसं बोलवू? ते येतील का? झालं. चाळीस वरसं म्हटलं, लय झालं. तू रडू नको. तू जा तुझ्या स्टेजवर."

हेतल रडत नव्हती. रडण्याइतकं तिला अजून सुचलंच नव्हतं. समोर बसलेल्या या बाईनं आयुष्यात एकच गोष्ट स्वतःची म्हणून जपली होती. नवरा असा-तसा, पोर नाही, जमीन भावाची. लोक वाकून बोलवायला यायचे ते त्या एका गोष्टीसाठी. ती तिनं भाचीच्या रविवारासाठी देऊन टाकली होती, आणि वर तांब्याही विसळून ठेवला होता.

हेतल अंगणात आली. मंगलाबाई निघायच्या तयारीत होत्या. विनोद गाडीची चावी बोटात फिरवत काकाला हळदीची तारीख सांगत होता.

"मावशी, थांबा," हेतल म्हणाली. "तो धवलाच हाय."

काकाच्या हातातला कप कलंडला. "ए पोरी! काय बोलते?"

"खरं बोलते. आते माझ्यासाठी खोटं बोलली. मला सगळं येतं, तिनंच शिकवलंय. नीलेशचं नाव मी घातलं कारण लहानपणापासून तेच घालत आले. स्नेहाचं घातलं कारण ती समोर व्हती. दोघांमंदी काय नाय, ते एकमेकाशी धड बोलले पण नाय. पण मी चौक नसताना म्हटलं, आणि खऱ्या माणसांची नावं घेतली. ते चुकलं माझं."

जिवल्यानं डोकं धरलं. "झालेलं उलटं केलंस गं! मिटलं व्हतं!"

"तुमच्यापुरतं मिटलं व्हतं, बाबा. आतेनं धवला सोडला."

चुलीपाशी आई पहिल्यांदा वळून बघायला लागली.

हेतलनं मोबाईल काढला. एकदा भलतंच काहीतरी दाबलं गेलं. मग तिनं मंगलाबाईंच्या शेजारी बसून, त्यांना दिसेल असा मोबाईल धरला, आणि गाणं काढून टाकलं. खरंच काढायचं का, असं मोबाईलनं एकदा विचारलं. तिनं हो म्हटलं. अकरा लाखांचा आकडा गेला आणि तिथं आधीची पाच गाणी राहिली, जी कुणी ऐकली नव्हती.

"लोकांच्या पेनड्राईव्हमधलं नाय जाणार," विनोद पुटपुटला. पण त्याच्याही आवाजात आता जोर नव्हता.

"डीजेवाल्यांना एकेकाला फोन करीन. जमंल तेवढं बंद करीन."

"आणि मेहुलला काय सांगशील?" काका रडकुंडीला आला होता. "काय सांगशील त्याला?"

हेतलनं मेहुलला तिथंच फोन लावला. ते गाणं आता नाही, दुसरं देते, असं तिनं सांगितलं. दुसरं कुठलं, असं त्यानं विचारलं. "अजून लिहायचं हाय," ती म्हणाली. पलीकडून तो आधी हिंदीत, मग मराठीत पुष्कळ बोलला. शेवटी, लिहून झालं की बघू, म्हणून त्यानं फोन ठेवला. बघू म्हणजे काय, हे तीन वर्षं कंपनीत काढलेल्या हेतलला कुणी समजावून सांगायला नको होतं. आता मात्र तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. नीलेश येऊन तिच्या बाजूला बसला आणि त्याला काय करावं कळेना, म्हणून तिची चप्पल सरळ करून ठेवत राहिला.

मंगलाबाई उठल्या. गाडीकडे जातील असं सगळ्यांना वाटलं. त्या घरात गेल्या. कणगीच्या मागं बायडीआते तशीच बसलेली होती. दारातून अंगणात सगळं ऐकू येत होतं.

"आते, तुमी खोटं बोललात आमच्याशी."

"बोलले."

"आणि मंग धवला सोडून बसलात."

"व्हय."

"आमच्या तिकडं एक बाई हाय, दिवसातून दहांदा खोटं बोलते न् रातच्याला लगीन लावते," मंगलाबाई म्हणाल्या. "ती नको मला. एका खोट्यानं जिला उठता येत नाय, तिनंच माझ्या पोरीचं नाव घ्यावं. नायतर हे लगीन मी लावत नाय. मंग तुमचा भाऊ काय करंल ते तुमी बघा."

जिवल्या दाराकडे निघाला, त्याला हेतलच्या आईनं हाताला धरून थांबवलं. पंचवीस वर्षांत तिनं नवऱ्याला चारचौघांत पहिल्यांदाच अडवलं असेल.

"त्या दोघांची नावं एकात गोवलीत पोरीनं," आतेचा आवाज आला. "ती आधी सोडवायला लागतील. देवांना सांगायला लागंल, पोर चुकली म्हणून. लांबंल धवला."

"लांबू दे."

"आणि सोडवायला गोवणारी पण लागंल. तिला माझ्या शेजारी बसायला लागंल."

मंगलाबाईंनी दारातून मान बाहेर काढून हेतलकडे पाहिलं. रडून तिचा चेहरा पार विस्कटला होता. "बसंल," त्या म्हणाल्या.

मग बायडीआते बाहेर आली. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले. तिनं भाचीला उठ म्हटलं नाही, डोळे पूस म्हटलं नाही. तिच्यासमोर मेढीवर टेकली आणि मंगलाबाईंना विचारलं, "पोरीला घरात काय म्हणता? रसिला तर शाळेतलं झालं."

"रसू."

"रसू," आतेनं तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवून पाहिलं. मग हेतलकडे वळून म्हणाली, "छोटं पडतं. ओळीत कसं बसवशील, सांग."